ॲक्शन कॉमेडीत कोणाच्या वाट्याला काय आलं, हे कसं तपासावं

मी सांगलीत कॉलेजच्या मुलांना पटकथालेखन शिकवते. 'आमच्या गोष्टीत सगळ्या समाजांतली माणसं आहेत' असं कुणी म्हणालं, की मी १९९८चा 'रश अवर' हा हॉलिवूडचा सिनेमा लावते आणि हातात वही देते. घरीही करून बघा.

पहिल्यांदा सिनेमा नुसता बघा, पोटभर हसा. दुसऱ्यांदा पात्रांची नावं एकाखाली एक लिहा आणि पुढं तीन रकाने पाडा: ठोसा, हशा, निर्णय. कोण किती मिनिटं दिसलं हे मोजू नका. नायकाचा मित्र दोन तास पडद्यावर असतो आणि एकही गोष्ट ठरवत नाही.

हशाचा रकाना पेन्सिलनं भरा. पात्रानं हसवलं तर बरोबरची खूण, पात्राला हसलो तर फुली. हाँगकाँगचा इन्स्पेक्टर ली (जॅकी चॅन) लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरतो. त्याला घ्यायला आलेला कृष्णवर्णीय डिटेक्टिव्ह कार्टर (ख्रिस टकर) त्याला इंग्रजी येत नाही असं धरूनच चालतो आणि ओरडून ओरडून विचारतो, मी काय बोलतोय ते कळतंय का? ली गप्प. मुलं लगेच लीपुढं फुली मारतात. पुढं ली स्वच्छ इंग्रजीत ऐकवतो, की मला येत नाही असं मी म्हटलंच नव्हतं. तोवर कार्टर बडबडत होता आणि ली त्याला जोखत होता. फुली खोडा, कार्टरपुढं मारा.

निर्णयासाठी एकच प्रश्न: या पात्राचा समाज बदलला तर गोष्ट तशीच राहील का? इथं एका मुलीच्या अपहरणाचा तपास चाललाय आणि एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेला, ली त्यात नकोच असतो. त्याला गुंतवून ठेवायला लॉस एंजेलिसचे पोलीस कार्टरला पाठवतात, कारण तोही वरिष्ठांना नकोसा. दोघांनाही बाजूला सारलंय, म्हणून तर ते स्वतःहून तपासात घुसतात. परक्या माणसाऐवजी तिथलाच गोरा पोलीस घातला, तर हा सांधाच निखळतो.

ठोशातही माणूस दिसला पाहिजे. शेवटची हाणामारी चिनी कलावस्तूंच्या प्रदर्शनात होते. ली शत्रूला मारता मारता पडणाऱ्या फुलदाण्या सावरतो. आपल्या देशाचा ठेवा त्याला वाचवायचाय, हे एकाही संवादाशिवाय कळतं. मला हा प्रसंग फार आवडतो.

पण सिनेमा आवडला म्हणून सूट देऊ नका. कार्टरच्या तोंडचे चिनी लोकांवरचे कितीतरी विनोद आज खटकतात, खटकायलाच हवेत. बायकांचे रकाने तर जवळजवळ कोरे. बॉम्ब पथकातली टानिया जॉन्सन (एलिझाबेथ पेन्या) शेवटी अपहृत मुलीच्या अंगावरचं स्फोटकांचं जाकीट काढते. एवढं मोठं काम तिच्या नावावर, पण आधी तिला काय मिळालं? वही दाखवेल.

'असली जोडी चालते का' असं कुणी विचारलं तर आकडा सांगा: सुमारे ३.३ कोटी डॉलरचा सिनेमा, जगभरची कमाई २४ कोटींच्या वर.

मग हेच रकाने स्वतःच्या संहितेला लावा. हिंदी सिनेमातला मराठी हवालदार आणि कामवाली बाई आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. नुसत्या बोलीवर हशा घेतात आणि पुढं त्यांना विसरतात. आपण लिहितानाही बिहारी वॉचमनचं तेच करतो. ज्याची ओळ कोरी राहिली, त्याच्या तोंडी बाणेदार भाषण घालू नका, त्याला एक निर्णय द्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या गोष्टीत चोर आले की कामवाल्या मावशी किंचाळून पळायच्या. तिनं फक्त एवढंच बदललं: मावशी जिन्याचं दार बाहेरून लावून घेतात. चोरांना गच्चीशिवाय वाट उरली नाही, आणि अख्खा पाठलाग तिला नव्यानं लिहावा लागला.