थिंक टँकचा अहवाल उचलताय? या चुका टाळा

डेटा लोकलायझेशन (डेटा देशातच साठवायची सक्ती) म्हणा, एआयचं नियमन म्हणा, विषय निघाला की बातमीत किंवा यूपीएससीच्या नोट्समध्ये कुठल्या तरी थिंक टँकचा, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा, आकडा येऊन बसतो. तो कुणी काढला आणि कसा, हे बघायला सहसा कुणाला सवड नसते. वॉशिंग्टनच्या इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन फाउंडेशनचंच, म्हणजे आयटीआयएफचं उदाहरण घेऊ. २००६ साली सुरू झालेली ही संस्था भारताच्या डेटा धोरणावरही लिहिते, त्यामुळे तिचे आकडे आपल्याकडे फिरत असतात.

‘नॉनपार्टिसन’ वाचून निश्चिंत होणं

‘नॉनपार्टिसन’ म्हणजे कुठल्याही पक्षाची नसलेली. अमेरिकेत करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली करसवलत घेणाऱ्या संस्थेला निवडणुकीत कुणाचा प्रचार करायलाच बंदी आहे. त्यामुळे हा शिक्का बहुतेकांकडे असतो आणि त्यावरून फारसं काही कळत नाही. टेक धोरणातली भांडणं रिपब्लिकन-डेमोक्रॅट अशी सरळ विभागलेलीही नसतात. आयटीआयएफ बड्या टेक कंपन्यांचे तुकडे पाडायला विरोध करते, युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यावर टीका करते आणि त्याच वेळी चीनला तोंड द्यायला सरकारने उद्योगांमागे उभं राहावं असंही म्हणते. आता हिला डावी म्हणणार की उजवी? एआयमुळे मानवजात धोक्यात येईल असं सांगणाऱ्यांना तिने जानेवारी २०१६ मध्ये ‘लुडाइट अवॉर्ड’ (लुडाइट म्हणजे नव्या तंत्रज्ञानाचा विरोधक) देऊन टाकलं होतं. इलॉन मस्क आणि स्टीफन हॉकिंग त्यात आले. कल लपवलेला नाहीच. फक्त एकच अहवाल वाचणाऱ्याला तो दिसत नाही. चार-पाच वर्षांतले दहा अहवाल चाळले की लगेच ध्यानात येतो.

रँकिंगवर भिस्त ठेवणं

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून निघणाऱ्या जागतिक क्रमवारीत विज्ञान-तंत्रज्ञान गटात आयटीआयएफ वरच्या स्थानावर असायची. ती क्रमवारी नामांकनं आणि जाणकारांच्या मतांवर ठरायची. त्यातून संस्थेचा दबदबा कळतो. अहवालातलं गणित बरोबर आहे का, ते कळत नाही.

देणगीदारांची यादी बघून थांबणं

खरी मेख इथे आहे. जून २०१७ मध्ये युरोपियन कमिशनने गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. वॉशिंग्टनच्याच न्यू अमेरिका या थिंक टँकमधल्या बॅरी लिन यांच्या ओपन मार्केट्स या मक्तेदारीविरोधी गटाने दंडाचं स्वागत करणारं निवेदन काढलं. दोन-अडीच महिन्यांत अख्खा गट संस्थेबाहेर. गूगल आणि तिचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांच्या बाजूने १९९९ पासून न्यू अमेरिकेला २.१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. संस्थेच्या प्रमुख अ‍ॅन-मरी स्लॉटर यांनी गूगलच्या दबावाचा आरोप नाकारला, लिन सहकाऱ्यांशी नीट वागत नव्हते असं कारण दिलं.

कोण खरं, हे बाहेरून ठरवणं अवघड. पण गूगल पैसे देतं हे काही गुपित नव्हतं. यादीवरून नातं कळतं, ते किती ताणलं की तुटतं हे कळत नाही. म्हणून देणगीदाराच्या थेट विरोधात जाणारं संस्थेचं लिखाण शोधा आणि ते लिहिणारा अजून तिथे आहे का तेही बघा. अमेरिकी संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला दिलेलं वार्षिक विवरणपत्र, सार्वजनिक असतो. त्यात उत्पन्न आणि वरिष्ठांचे पगार दिसतात, देणगीदारांची नावं मात्र बहुधा झाकलेली असतात.

आपल्याकडे ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन (ओआरएफ) या थिंक टँकला रिलायन्सचा आधार आहे हे जगजाहीर आहे. भारतीयांचा डेटा भारतीयांच्याच ताब्यात असावा, असं मुकेश अंबानी जानेवारी २०१९ मध्ये व्हायब्रंट गुजरातच्या मंचावरून बोलले होते. ओआरएफचं डेटावरचं काही वाचताना हे भाषण आठवावं. त्यावरून निष्कर्ष मात्र काढून मोकळं होऊ नये.

पैसा दिसला की अहवाल केराच्या टोपलीत टाकणं

ही उलटी चूक हुशार लोक जास्त करतात. गूगलच्या लॉबिंगवर नजर ठेवणाऱ्या गूगल ट्रान्सपरन्सी प्रोजेक्टला ओरॅकलचा पैसा असल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. ओरॅकल ही सॉफ्टवेअर कंपनी तेव्हा अँड्रॉइडमध्ये वापरलेल्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवरून गूगलशी कोर्टात भांडत होती. पण त्या प्रकल्पाने गूगलच्या माणसांच्या व्हाइट हाउसमधल्या भेटींच्या ज्या नोंदी मांडल्या, त्या सरकारी होत्या. कुणालाही पडताळता येणाऱ्या. तेव्हा टीकाकाराचाही खिसा तपासा, पण कागद खरा असेल तर वापरा.

आकड्याची फोड न करणं

आयटीआयएफच्या जुलै २०२१ च्या अहवालातलं वाक्य घ्या: डेटावरचे निर्बंध एका अंकाने वाढले, तर पाच वर्षांत देशाचं एकूण व्यापारी उत्पादन ७ टक्क्यांनी घटतं. बातमीत फक्त ‘७ टक्के’ उरतात. तो ‘एक अंक’ म्हणजे काय? ओईसीडीच्या बाजार-नियमनाच्या माहितीवर लेखकांनी बेतलेल्या मोजपट्टीवरचा एक अंक. एखाद्या कायद्याने आपण त्या पट्टीवर किती सरकतो, अर्धा अंक की पाव, हे सांगितल्याशिवाय ७ टक्क्यांना अर्थ नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा देशातच ठेवायला सांगितला, तो देखरेखीसाठी विनाअडथळा हाती यावा म्हणून. हा फायदा व्यापारी उत्पादनाच्या हिशेबात धरला जात नाही.

आकडा वापरायचाच असेल तर वाक्य असं करा: ‘बड्या टेक कंपन्यांकडून निधी घेणाऱ्या आणि डेटा लोकलायझेशनला विरोध करणाऱ्या आयटीआयएफच्या २०२१ च्या अंदाजानुसार...’ शब्द वाढतात खरे. जागा कमीच असेल तर आकडा गाळा, हे वर्णन राहू द्या.