सिंहगडाच्या चढावर मिड-ड्राइव्ह मोटर तापत होती

माझ्या इलेक्ट्रिक सायकलची मोटर मिड-ड्राइव्ह, म्हणजे चाकात नव्हे, पेडलच्या अक्षाशी बसवलेली. लक्षण असं: गोळेवाडी नाक्यापुढे चढ लागला की मोटर घुरघुरायची, हात लावता येणार नाही इतकी तापायची. आधी बॅटरीवर संशय घेतला, मग असिस्ट (मोटरची मदत) वाढवला. त्यानं ती अजूनच तापली. दोन रविवार वाया!

दोष गिअरिंगचा होता. पुढच्या दातेरी चक्राला (चेनरिंग) ४६ दात, मागच्या चक्रांत सर्वांत मोठं २८ दातांचं. २६ इंची सायकलवर ताशी ९ किमीला पेडल मिनिटाला जेमतेम ४४ फेरे. मिड-ड्राइव्हची मोटर पेडलच्याच गतीला बांधलेली. ती अशी रखडली की वीज उष्णतेत जाते.

आधी बॅटरी काढली. पुलरनं क्रँक (पेडलचा दांडा) ओढून काढला, मग चेनरिंगचे पाच स्क्रू. आत वळलेली ४२ ची चेनरिंग बसवली (३६ चा मोह होता, पण ती मोटरच्या गिअरकेसवरून (गिअरांच्या कवचावरून) आत येत नाही, चेन तिरकी पळते). मागे ११ ते ३६ दातांची कॅसेट (चक्रांचा संच), लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग). नवी चेन डिरेलरमधून न घेता दोन्ही मोठ्या चक्रांवरून मोजली, त्यात दोन कड्या वाढवून कापली. शेवटी डिरेलरचे लिमिट स्क्रू जुळवले, म्हणजे चेन टोकाच्या चक्रांपलीकडे जात नाही.

आता त्याच वेगाला ६२ फेरे. वर पोचल्यावर मोटर कोमट.