नवं उपकरण बसवलं, पण चालूच होत नाही

ओव्हन असो, डिशवॉशर असो, नाहीतर चिमणी. फिटिंग झालं, बटण दाबलं, आणि ना दिवा ना आवाज. घरातला पहिला निकाल ठरलेलाच असतो: "पीसच खराब दिला." कधीकधी तसं असतंही. पण उपकरण जसं नवं, तसा त्याचा पॉइंटही बऱ्याचदा नवाच असतो, किंवा वर्षानुवर्षं कुणी न वापरलेला. उपकरण निदान कारखान्यातल्या तपासणीतून आलेलं असतं. त्या पॉइंटवर मात्र आजपर्यंत कुणीच काही चालवून बघितलेलं नसतं. म्हणून सुरुवात भिंतीकडून करायची, उपकरणाकडून नाही.

सोपं ते आधी उरका

प्लग पूर्ण आत बसलाय का बघा; नवी शटरवाली सॉकेटं घट्ट असतात आणि प्लग अर्ध्यावर अडतो. बिल्ट-इन उपकरणाचं बटण शेजारच्या कपाटात, ड्रॉवरच्या मागे किंवा चिमणीच्या वर कुठेतरी दडलेलं असतं, ते शोधा. प्लगमध्येच फ्यूज असेल तर तो बघा. शेगडीचं ऑटो इग्निशन सेलवर असेल तर सेल आणि त्याच्या टोकावरचं प्लॅस्टिक. मध्ये स्टॅबिलायझर असेल तर जरा थांबा, काही स्टॅबिलायझर चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं पुढे वीज सोडतच नाहीत.

मग एमसीबी, म्हणजे पॅनेलमधला जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका. ट्रिप झालेला, म्हणजे पडलेला खटका कधीकधी मधेच थांबतो आणि लांबून चालू असल्यासारखा दिसतो. तो आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. लगेच पडला तर उपकरणाचा प्लग काढून एकदाच पुन्हा वर करून बघा. आता टिकला तर दोष उपकरणात किंवा त्याच्या वायरीत. तरीही पडला तर भिंतीतल्या वायरिंगमध्ये. "दोन-चारदा वर करून बघा, राहील" हा सल्ला देणाऱ्याला पॅनेलजवळ फिरकू देऊ नका.

पडतोय तो 'टेस्ट'चं छोटं बटण असलेला आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका असेल, तर गोष्ट वेगळी. तो लोड जास्त झाला म्हणून पडत नाही. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीतून गेलेला करंट तेवढाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून परत आला नाही की पडतो. नव्या पॉइंटवर याचं एक नेहमीचं कारण म्हणजे फेज त्या आरसीसीबीखालचा आणि न्यूट्रल मात्र हाताशी होता म्हणून दुसऱ्याच सर्किटचा ओढलेला. उपकरण बिचारं निर्दोष असतं. वायरमनला बोलावताना हे आधीच सांगा, म्हणजे तो ओव्हन उचकटत बसणार नाही.

टेस्टर पेटला, म्हणून काय?

आता खरा घोळ. सुरुवातीला मीही याच टप्प्यावर अडून बसायचो, आणि अजूनही निम्म्याहून जास्त लोकांना इथेच फसलेलं बघतो. सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तो पेटला, आणि जाहीर केलं: "वीज तर येतेय, मशीनच बिघडलंय."

निऑन टेस्टर फक्त एवढंच सांगतो की त्या भोकात फेज आहे. त्याच्यातून आणि तुमच्या अंगातून जो नगण्य करंट जातो, तेवढ्यावर तो पेटतो. न्यूट्रल आहे की नाही, हे त्याला कळत नाही. फेजची वायर घट्ट आवळलेली आहे की एका तारेवर लटकतेय, हेही कळत नाही. उपकरणाला मात्र करंट येण्याची आणि परत जाण्याची, दोन्ही वाटा लागतात. न्यूट्रल कुठेतरी सुटलेला असला की टेस्टर झकास पेटतो आणि ओव्हन ढिम्म.

न्यूट्रल सुटल्याची एक खूण टेस्टरवरही दिसते, फक्त ती वाचता आली पाहिजे. एकाच बोर्डवर दोन सॉकेट असतील आणि एकात काहीतरी लावून बटण चालू ठेवलेलं असेल, तर दुसऱ्याच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. लावलेल्या उपकरणातून फेज पलीकडे जातो आणि परतीची वाट नसल्यामुळे न्यूट्रलच्या वायरीत तुंबून राहतो. पण दोन्ही भोकांत पेटला की न्यूट्रलच तुटलाय असं गृहीत धरू नका. थ्री-फेज जोडणी असलेल्या घरात चुकून दोन वेगळे फेज एकाच सॉकेटला आलेले असू शकतात. त्यात काहीही लावलं तरी ते जळणार. म्हणून इथून पुढे मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेजचा आकडा दाखवणारा मीटर लागतोच.

मीटरची काळी वायर कॉमनच्या भोकात आणि लाल व्होल्टच्या भोकात आहे, याची दरवेळी खात्री करा. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोकं सॉकेटमध्ये घातली, तर मीटर मोजत नाही, सरळ शॉर्ट करतो. रेंज एसीची, ६०० किंवा ७५० व्होल्टची. टोकांच्या प्लॅस्टिकला चीर असेल तर ती वायर फेकून द्या. ओल्या हाताने, ओल्या ओट्याशी उभं राहून हे करायचं नाही.

तीन जोड्या मोजा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. सप्लाय २३० व्होल्टचा धरला तर पहिल्या दोन ठिकाणी २३० च्या आसपास आणि तिसऱ्या ठिकाणी शून्य ते दोन-चार व्होल्ट यायला हवेत. फेज ते अर्थ व्यवस्थित, पण फेज ते न्यूट्रल ४०, ७०, ९० असा भरकटणारा आकडा येत असेल, तर न्यूट्रल सुटलाय. फेज ते न्यूट्रल बरोबर आणि फेज ते अर्थ काहीच नाही, म्हणजे अर्थिंग नाही; उपकरण चालेल, पण धातूची बॉडी असलेलं आणि पाण्याशी संबंध असलेलं काहीही त्यावर चालवू नका. आणि ४०० च्या घरातला आकडा दिसला की बटण बंद, एमसीबी बंद, वायरमन.

आकडा बरोबर आला, तरी विश्वास ठेवू नका

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. डिजिटल मीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. त्यामुळे एका तारेवर टिकलेलं कनेक्शनसुद्धा मीटरला छान २३० दाखवतं. २००० वॉटचा ओव्हन तिथे जवळपास ९ अँपिअर मागतो, आणि मागताक्षणी ते कनेक्शन मान टाकतं. बंद करून पुन्हा मोजलं की पुन्हा २३०. माणसाला वेड लागायची पाळी येते.

म्हणून पॉइंटची परीक्षा लोड देऊनच घ्यायची. घरात नीट चालणारी इस्त्री किंवा विजेची किटली घ्या आणि त्याच सॉकेटमध्ये लावा. वॉटचा आकडा सॉकेटला झेपणारा हवा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर किटली लावून नवा प्रश्न उभा करू नका. पाच मिनिटं चालू द्या. नेहमीसारखी तापली तर पॉइंट पास. तापलीच नाही, थांबून थांबून चालली, बोर्डातून चर्रचर्र आवाज आला किंवा जळकट वास आला, तर पॉइंट नापास, उपकरणाला हात लावायचं कारण नाही. शेजारी दुसरं सॉकेट असेल तर किटली चालू असताना तिथला व्होल्टेज बघा. थोडा उतरणारच. २३० चा धपकन दीडशेवर आला, की मागे कुठेतरी लूज कनेक्शन आहे हे नक्की.

मोबाइल चार्जर लावून "चालतोय की" म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. चार्जर १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतो आणि त्याला वीज लागते किती? एलईडी बल्बही या कामाचा नाही. तो नुसत्या गळतीच्या करंटवरसुद्धा मंद मिणमिणतो. जुना तारेचा, म्हणजे फिलामेंटचा बल्ब एक वेळ चालेल, पण लूज कनेक्शन पकडायला तोही कमीच पडतो.

न्यूट्रल सापडत नाही म्हणून अर्थिंगच्या वायरीवरून न्यूट्रल देणारे महाभाग अजून आहेत. "चालू झालं ना?" म्हणतात आणि निघून जातात. उद्या ती अर्थची वायर मागे कुठे सुटली, की फेज उपकरणातून फिरून त्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीवर येतो. फ्रिजच्या दाराला हात लावणाऱ्याला ते कळायला वेळही मिळत नाही. असं काम कुणी करायला निघालं तर तिथेच थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल.

प्लग नसलेली उपकरणं

मोठा बिल्ट-इन ओव्हन किंवा इंडक्शन हॉब थेट टर्मिनलवर, म्हणजे वायरी स्क्रूने आवळायच्या जागी जोडतात. तिथे सॉकेटची परीक्षा घेता येत नाही, टर्मिनल उघडावा लागतो, आणि मागचं झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येत असेल तर ते काम कंपनीच्या माणसाचं. तुमचा वायरमन करत असेल तर निदान समोर उभे राहा. एमसीबी बंद. मीटर आधी चालू सॉकेटवर, मग या टर्मिनलवर, मग परत चालू सॉकेटवर. २३०, शून्य आणि परत २३० असे आकडे आले, तरच वीज खरंच बंद आहे.

बघायचं ते इतकंच. स्क्रू तांब्यावर आवळलाय की वायरीच्या आवरणावर? वरून दोन्ही सारखेच दिसतात. आवरण थोडं पुढे आत गेलेलं असतं, स्क्रू त्या रबरावर घट्ट बसतो आणि तांबं नुसतं शेजारी पडून राहतं. प्रत्येक वायर धरून चांगली ओढा. हातात आली तर उत्तर मिळालं. टर्मिनल एकमेकांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्यांची जोडणी पुस्तिकेतल्या सिंगल-फेजच्या आकृतीप्रमाणे आहे का तेही बघा. या पट्ट्या अनेकदा पिशवीतच राहतात, आणि मग हॉबच्या दोन चुली चालतात, दोन नाही.

पॉइंट पास, तरी बंद

ओव्हनचं घड्याळ लावा. बऱ्याच मॉडेलमध्ये वेळ लावल्याशिवाय तापायला सुरुवातच होत नाही. चाइल्ड लॉक काढा. दिवे लागतात पण गरम होत नाही, तर दुकानातला डेमो मोड चालू राहिलाय का ते पुस्तिकेत बघा. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्हचं दार 'खट' आवाज होईपर्यंत लावा. टचचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा.

एवढं करूनही ढिम्म असेल तर आता बेलाशक तक्रार नोंदवा, आणि फोनवर "लाइट येत नाही" एवढंच म्हणू नका. त्याच सॉकेटवर किटली पाच मिनिटं चालली, तिन्ही जोड्यांचे आकडे हे आले, असं सांगा. नाहीतर येणारा माणूस टेस्टर लावून "तुमच्या वायरिंगचा प्रॉब्लेम" म्हणणार आणि परत जाणार. मॉडेल नंबर आणि सीरियल नंबरचं स्टिकर दाराच्या आतल्या कडेला किंवा मागे असतं. उपकरण कपाटात सरकवण्याआधीच त्याचा फोटो काढून ठेवा.