वजन उचलताना हातमोजे: या चुका टाळा

जिममध्ये नाव नोंदवल्यावर पहिल्याच आठवड्यात तळहातांची आग होऊ लागते आणि दुसऱ्या आठवड्यात बरेच जण क्रीडासाहित्याच्या दुकानातून हातमोज्यांची जोडी घेऊन येतात. आग थांबते, परंतु काही दिवसांनी बार, म्हणजे वजने लावायचा लोखंडी दांडा, हातातून निसटू लागतो, मनगट कुरकुरते किंवा मोज्यांना असा वास येतो की ते पिशवीतून बाहेर काढणे नकोसे होते. मग कोणीतरी अनुभवी माणूस ‘मोजे वापरूच नयेत’ असे ठासून सांगतो आणि दुसरा तितक्याच ठामपणे उलट सांगतो. या वादात दोन्ही बाजूंना एक साधी गोष्ट आठवत नाही, ती म्हणजे वजन उचलण्याचा हातमोजा कातडी वाचवतो, आणि त्यापलीकडे फारसे काही करत नाही. पकड वाढवणे किंवा मनगट सावरणे ही कामे आपण त्याच्यावर लादतो, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ तिथे आहे.

पकड सुटते म्हणून मोजे घालणे

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत पुरुषांचा बार 20 किलो वजनाचा आणि 28 मिलिमीटर जाडीचा असतो, तर महिलांचा 15 किलो वजनाचा आणि 25 मिलिमीटर जाडीचा. हा तीन मिलिमीटरांचा फरक हाताच्या आकारासाठी ठेवलेला आहे, कारण बार जितका जाड, तितकी बोटे त्याच्याभोवती कमी वळतात. आता तळहाताच्या बाजूला तीन मिलिमीटर फोम असलेला मोजा घातला, तर तोच 28 मिलिमीटरचा बार हाताला जवळपास 34 मिलिमीटरचा वाटतो. दाबाने फोम थोडा बसतो हे खरे, पण पूर्ण नाहीसा होत नाही. शिवाय उघड्या हाताला घसरण्याची जागा एकच असते, कातडी आणि लोखंड यांच्यामधली. मोजा घातला की अशा दोन जागा तयार होतात: एक बार आणि मोजा यांच्यामध्ये, दुसरी मोजा आणि आतला घामेजलेला तळहात यांच्यामध्ये.

या दुसऱ्या जागेकडे सहसा लक्ष जात नाही. माझ्या बाबतीत 90 किलोच्या डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभे राहण्याचा व्यायाम) तिसऱ्या रेपपर्यंत, म्हणजे तिसऱ्या उचलीपर्यंत, डावा हात उघडत असे आणि मी बोटे कमकुवत समजून महिनाभर पकडीचे व्यायाम करत राहिलो. एका संध्याकाळी मोजे घरी राहिले आणि तेच वजन पाचही रेप हातात टिकले. घरी येऊन मोजा उलटा करून पाहिला, तर आतले अस्तर घामाच्या मिठाने कडक होऊन तळव्यापासून सुटले होते. मी बार घट्ट धरत होतो, पण मोज्याच्या आत माझा हातच फिरत होता.

आपल्या बाबतीत असे होते का, हे पाहण्यासाठी पुल-अपच्या (लटकून अंग वर ओढण्याच्या) बारला एकदा मोजे घालून आणि पाच-सात मिनिटांच्या विश्रांतीनंतर एकदा उघड्या हातांनी लटकावे आणि दोन्ही वेळचे सेकंद मोजावेत. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करावा, म्हणजे थकव्याचा परिणाम वेगळा काढता येतो. उघड्या हातांनी जास्त वेळ लटकता येत असेल, तर अडचण बोटांची नाही.

घामाने हात घसरत असेल तर त्यावरचा उपाय चॉक हा आहे. हे चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. फळ्यावर लिहिण्याचा खडू हा वेगळा पदार्थ आहे आणि तो येथे उपयोगाचा नाही. जिममध्ये भुकटी उडू नये म्हणून बंदी असेल, तर अल्कोहोलमध्ये मिसळलेले द्रव चॉक वापरता येते; ते हातावर चोळून पूर्ण सुकू द्यावे, ओल्या हाताने बारला हात घालू नये. अंगाला लावण्याची टाल्कम पावडर मात्र चुकूनही तळहाताला लावू नये, कारण ती घर्षण कमी करते. पॉवरलिफ्टर (डेडलिफ्टसह तीन ठरावीक उचलींच्या खेळातले खेळाडू) ती मांडीला लावतात ते बार मांडीवरून सहज वर सरकावा म्हणून. तालमीतला पैलवान घामेजल्या हाताला आखाड्याची माती चोळतो, त्यामागचे शास्त्र चॉकचेच आहे.

घट्टे पडतात म्हणून मोजे घालणे, पण बार चुकीच्या जागी धरणे

बहुतेक नवशिके बार तळहाताच्या मध्यभागी धरतात, कारण तिथे तो सुरक्षित वाटतो. पण ओढण्याच्या व्यायामात, म्हणजे डेडलिफ्ट, रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणे) किंवा पुल-अप करताना, वजनामुळे बार आपोआप बोटांकडे सरकतो आणि जाताना तळहाताची कातडी बरोबर ओढत नेतो. बोटांच्या मुळाशी त्या कातडीची चुणी होते आणि ती बार व बोट यांच्यामध्ये चिमटली जाते. घट्टे नेमके तिथे, बहुधा मधल्या आणि अनामिकेच्या मुळाशी का पडतात, याचे उत्तर हेच आहे. मोजा घातल्यावर ही चुणी थांबत नाही. उलट कापडाची आणखी एक घडी तिच्यावर बसते.

तपासण्यासाठी तळहाताला चॉक लावून रिकामा बार नेहमीच्या सवयीने उचलावा आणि खाली ठेवून हात पाहावा. चॉक पुसल्याचा पट्टा तळहाताच्या मधोमध आडवा दिसला, तर पकड चुकीची आहे. ओढण्याच्या व्यायामात बार सुरुवातीपासूनच बोटे जिथे तळहाताला मिळतात त्या रेषेवर ठेवावा, मग बोटे मिटून शेवटी अंगठा त्यांच्यावर आणावा. पहिले काही दिवस हे अपुरे धरल्यासारखे वाटते, म्हणून वजन थोडे कमी करून सवय करावी.

घट्टा हा मुळात आजार नाही. घर्षण आणि दाब सोसून कातडीचा वरचा थर जाड होतो, इतकेच. कुदळ किंवा वल्हे चालवणाऱ्या हातांना तो असतोच. त्रास होतो तो घट्टा उंच होऊन त्याला कड आली की, कारण ती कड बारला अडकते आणि अख्खा तुकडा फाटतो. आठवड्यातून एक-दोनदा अंघोळीनंतर कातडी मऊ असताना वज्रीने हलके घासून घट्टा आसपासच्या कातडीच्या पातळीला आणावा आणि रात्री थोडे खोबरेल लावावे. तो समूळ घालवण्याच्या नादात ब्लेड किंवा नेलकटर चालवणे ही मोठी चूक आहे, आणि व्यायामाच्या आधी क्रीम किंवा तेल लावणे ही त्याखालोखालची. फोड आला असेल तर तो फोडू नये. घट्टा फाटलाच, तर जखम साबण-पाण्याने धुऊन, सुटलेली कातडी न ओढता स्वच्छ कात्रीने कापून, पेट्रोलियम जेली लावून पट्टीने झाकावी आणि ती भरेपर्यंत ओढण्याचे व्यायाम थांबवावेत. मधुमेह असणाऱ्यांनी, किंवा लाली पसरत असल्यास अथवा पू दिसल्यास कोणीही, घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

मनगट दुखते म्हणून लांब पट्ट्यांचे मोजे घेणे

बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलणे) किंवा डोक्यावर वजन ढकलण्याच्या व्यायामात हिशेब उलटा असतो. येथे बार बोटांच्या मुळाशी ठेवला तर मनगट मागे वाकते आणि सगळा भार सांध्यावर येतो. बार तळहाताच्या तळाशी, अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्याजवळ आणि थेट हाताच्या हाडांच्या रेषेत असावा. जाड फोमचा मोजा नेमका याच उंचवट्यावर गादी घालतो, त्यामुळे बार हळूहळू मागे सरकतो आणि मनगट वाकते. त्यावर उपाय म्हणून वेल्क्रोची पट्टी आणखी आवळली जाते आणि मग बोटांना मुंग्या येतात. मुंग्या आल्यास पट्टी लगेच सैल करावी; ती काढूनही बधिरपणा राहत असेल, तर व्यायाम थांबवून तपासणी करावी.

येथे शब्दांचाही घोळ होतो. रिस्ट रॅप ही मनगटाभोवती गुंडाळायची पट्टी आहे आणि ती ढकलण्याच्या व्यायामात मनगट सरळ ठेवण्यास मदत करते. स्ट्रॅप म्हणजे मनगटात अडकवून बारला वेढायची पट्टी. ती ओढण्याच्या व्यायामात बोटांचा भार हलका करते. दुकानदाराला नुसते ‘पट्टी द्या’ म्हटले तर हाती काय पडेल याचा भरवसा नसतो.

ज्यांना पुढे स्पर्धेत उतरायचे आहे त्यांनी यांपैकी कशाचीही सवय लावून घेण्यापूर्वी नियम वाचावेत. पॉवरलिफ्टिंगमध्ये रिस्ट रॅप चालतात, हातमोजे चालत नाहीत. स्ट्रॅप तर पॉवरलिफ्टिंग आणि वेटलिफ्टिंग या दोन्ही खेळांत निषिद्ध आहेत. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनगटात 113 किलोचा स्नॅच (एका झटक्यात डोक्यावर) आणि 135 किलोचा क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) करून रौप्यपदक मिळवले. अशा वजनांसाठी वेटलिफ्टर अंगठा बारला लावून त्यावर बोटे आवळतात. या हुक पकडीत अंगठा सुरुवातीला चांगलाच ठणकतो, म्हणून अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली जाते. जाड मोज्याने ही पकड बसतच नाही.

काही चुका थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. बेंच प्रेस करताना अंगठा बाहेर न घेता बोटांच्याच बाजूला ठेवण्याची पद्धत मुळातच धोक्याची आहे, आणि गुळगुळीत झालेल्या मोज्यासह ती केल्यास बार थेट छातीवर किंवा गळ्यावर येऊ शकतो. मोज्याच्या आत अंगठी ठेवू नये. दुसऱ्याचे मोजे उसने घेऊ नयेत आणि आपले देऊ नयेत, कारण गजकर्ण आणि चामखीळ अशा सामायिक वस्तूंतून पसरतात. मैत्री इतर मार्गांनी दाखवता येते.

माप आणि पावसाळा

दुकानात मोजा हातात घालून मूठ मिटून पाहावी. तळव्यावर कापड गोळा झाले तर मोजा मोठा आहे. बोटांच्या बेचक्यांत काचले तर लहान. ऑनलाइन मागवताना अंगठा वगळून बोटांच्या सांध्यांजवळ तळहाताचा घेर टेपने मोजावा आणि त्या उत्पादकाच्या तक्त्याशी ताडावा, कारण एकाचे ‘मीडियम’ दुसऱ्याच्या ‘लार्ज’एवढे असू शकते. चामडे मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सुकत नाही आणि दोन दिवस पिशवीत राहिले की त्यावर बुरशी धरते; तेथे धुता येणारे पातळ कापडी मोजे बरे. ते आठवड्यातून किमान एकदा सौम्य साबणाने हातांनी धुऊन सावलीत, शक्यतो पंख्याखाली वाळवावेत. जिममधून घरी आल्यावर मोजे पिशवीतून काढून टांगण्याची सवय लावली, तर वासाची निम्मी तक्रार धुण्याआधीच मिटते.

मोजे खरोखर ज्यांच्या उपयोगाचे आहेत

हातांना इसब असलेले, दिवसभर हात धुवावे लागणारे आणि त्यामुळे कातडी भेगाळलेले, ज्यांच्या पोटापाण्याचा संबंध बोटांच्या आणि तळव्याच्या स्पर्शाशी आहे असे तबलावादक किंवा मालीशतज्ज्ञ, यांनी मोजे खुशाल वापरावेत आणि कोणाच्या टोमण्यांकडे लक्ष देऊ नये. परदेशातल्या हिवाळ्यात घराच्या गॅरेजमध्ये व्यायाम करणाऱ्यांना गार लोखंड हातात धरवत नाही, त्यांचेही तसेच. निवडताना फोम नसलेला, तळव्याला एकच पातळ थर असलेला मोजा घ्यावा.

मोजे सोडायचे असतील तर एका दिवसात सोडू नयेत, कारण झाकून राहिलेली कातडी नाजूक असते आणि बारचा खरखरीत भाग तिला लगेच सोलतो. पहिले दोन आठवडे फक्त हलके, अंग गरम करण्याचे सेट (सलग उचलींच्या फेऱ्या) उघड्या हातांनी करावेत. त्यानंतर दिवसाचा सर्वांत जड सेट चॉक लावून उघड्या हातांनी आणि पुढचे लांबलचक सेट मोजे घालून करावेत. तळहात लाल होऊन दुसऱ्या सकाळपर्यंत निवळत नसेल, तर तो आठवडा पुन्हा करावा.