पार्सल 'पोस्टाकडे दिलं' म्हणून अडकलं होतं, असं सापडलं

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीसाठी हिवाळी बूट मागवले होते, स्वस्तातलं फ्री शिपिंग घेतलं, आणि कुरियरच्या ट्रॅकिंगवर 4 दिवस एकच ओळ, पार्सल पोस्टाकडे दिलं. इकडे बर्फ सुरू झालेला, पोरगी जुन्या फाटक्या बुटांत शाळेत जात होती, जीव तुटत होता.

झालं असं की अशा काही स्वस्त सर्व्हिसमध्ये कुरियर पार्सल फक्त आपल्या भागातल्या पोस्टापर्यंत आणतं, पुढे घरापर्यंत यूएसपीएसचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टपाल खात्याचा, पोस्टमन, कारण तो तसाही आठवड्यातले 6 दिवस दारोदार जातोच, त्यामुळे शेवटचा टप्पा कुरियरला परवडतो. म्हणून एकदा पार्सल पोस्टाकडे गेलं की कुरियरच्या कस्टमर केअरला फोन करून फारसं काही हाती लागत नाही, मी दोनदा केला.

मग कुरियरच्या पेजवर खाली डिटेल्स उघडून बघितलं तर पोस्टाचा वेगळा नंबर होता, 92 ने सुरू होणारा, चांगला 22 आकडी. तो यूएसपीएसच्या साइटवर टाकला आणि लगेच कळलं, पत्ता अपुरा. ऑर्डर करताना अपार्टमेंट नंबर माझ्याकडूनच राहिला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोटो आयडी आणि तो नंबर घेऊन पोस्टात गेले, काउंटरवरच्या बाईंनी आतून खोकं आणून दिलं, फार चांगल्या बोलल्या. आता यूएसपीएसच्या इन्फॉर्म्ड डिलिव्हरी या ऑनलाइन सेवेला नाव नोंदवलंय, फुकट आहे, पोस्टाकडून येणारी पार्सलं त्यात आधीच दिसतात.