मधुमेही मुलाची किडनी : घराण्याची वही आणि सकाळची पहिली लघवी

टाईप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या किडनीचं काय होणार, हे सांगणारं एकच जनुक नाही. बरीच जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. किडनीच्या गाळणीतलं कोलॅजन बनवणाऱ्या सीओएल४ए३ जनुकाचा एक प्रकार तर उलट संरक्षण देतो, असं २०१९ मध्ये दिसून आलं. म्हणून ‘धोका सांगणाऱ्या’ जनुक तपासणीवर लगेच पैसे घालू नका. आधी घरातल्या थोरामोठ्यांजवळ वही घेऊन बसा.

आईकडची आणि वडिलांकडची अशा तीन पिढ्या लिहा. कोणाला शुगर, कितव्या वर्षी, कोणाला बीपी, कोणाचं डायलिसिस झालं, कोणाला तरुणपणीच कमी ऐकू येऊ लागलं. ‘किडनी गेली होती’ एवढ्यावर थांबू नका, जुनी फाईल काढायला लावा. मुतखड्याने गेलेली किडनी वेगळी, मधुमेहाने गेलेली वेगळी. मधुमेही भावंडाच्या किडनीला त्रास झाला असेल तर या मुलाचा धोका नक्की वाढतो.

जनुक तपासणी खरोखर हवी अशा दोन खुणा आहेत. सोनोग्राफीत किडनीत पाण्याच्या गाठी दिसल्या तर एचएनएफ१बी जनुकाबद्दल (हे बिघडलं तर किडनीत गाठी आणि मधुमेह दोन्ही होऊ शकतात) विचारा. आईवडील ठणठणीत असले तरी हा दोष असू शकतो. यात कित्येकदा आख्खं जनुकच गहाळ असतं आणि साध्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचणाऱ्या तपासणीत, ते निसटतं, तेव्हा ‘डिलिशन (जनुक गहाळ असणं) तपासणार का?’ हे आधीच विचारून घ्या. दुसरी खूण म्हणजे आईच्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या मधुमेह आणि सोबत बहिरेपणा.

बाकी सगळ्या मुलांसाठी खरा पहारा लघवीचा. वय ११ किंवा वयात येण्याची सुरुवात, यांतलं जे आधी येईल तेव्हापासून, आणि मधुमेहाला २ ते ५ वर्षं झाली की, दरवर्षी तपासा. टाईप २ असेल तर निदान झाल्या दिवसापासूनच. चिठ्ठीवर ‘युरीन रुटीन’ नको, ‘युरीन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’ हवं. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन, क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, आणि रेशो म्हणजे त्यांचं प्रमाण. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला सुरुवातीचं थोडं अल्ब्युमिन दिसतच नाही. नमुना झोपेतून उठल्यावरचा पहिलाच घ्या. दिवसभर उभं राहून काही किशोरांच्या लघवीत निरुपद्रवी प्रथिन उतरतं, ते त्यात येत नाही. आदल्या दिवशी सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढून झाल्या असतील, नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा झाला असेल, ताप, पाळी किंवा लघवीचा संसर्ग असेल, तर तपासणी पुढे ढकला. सुरगाण्याहून किंवा सटाण्याहून नाशिकला नमुना आणायचा तर बर्फाच्या डब्यात आणा, पण गोठवू नका.

रिपोर्टमधली एककं स्वतः पाहा. अल्ब्युमिन लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅम असेल, तर ते क्रिएटिनिन म्हणजे लिटरमागे ०.९ ग्रॅम. ४५ भागिले ०.९, उत्तर ५०. म्हणजे एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ५० मिलिग्रॅम अल्ब्युमिन. हा आकडा ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे किडनीने दिलेला पहिला इशारा. पण एका रिपोर्टवर घाबरू नका: ३ ते ६ महिन्यांत ३ नमुने, त्यांतले २ वाढलेले असतील तरच निदान पक्कं. अगदी बारीक मुलांचं क्रिएटिनिन कमी असल्याने आकडा फुगतो, तेही डॉक्टरांना सांगा.

निदान पक्कं झालं तर साधारणपणे रामिप्रिल-एनालाप्रिलच्या गटातली गोळी सुरू होते. ती गर्भाला घातक आहे, हे किशोरवयीन मुलीशी आईने आणि डॉक्टरांनी मोकळेपणाने बोलायलाच हवं. सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ७ टक्क्यांच्या आत आणण्याचा प्रयत्न करा. हायपो (शुगर फार खाली जाणं) वारंवार होत असतील तर तो आकडा डॉक्टरांना ठरवू द्या. दुखण्यावर मनाने आयबुप्रोफेन किंवा कोणाचं भस्म मुलाला देऊ नका.