रात्री अंगाला नेमके काय चावते आहे, हे कसे ओळखावे

सकाळी उठल्यावर दंडावर किंवा पोटरीवर लाल गांधी दिसल्या की बहुतेक घरांत पहिला संशय डासांवर जातो, दुसरा ढेकणांवर, आणि त्या संशयाच्या भरवशावरच दुकानातून फवारा आणला जातो. ही घाई करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. डासांवरचा उपाय ढेकणांना लागू पडत नाही, ढेकणांसाठी पलंग धुऊन काढला तरी पिसवांचे मूळ घरातच राहते, आणि त्रास खरजेचा असेल तर खोलीत कितीही औषध मारले तरी खाज तसूभरही कमी होत नाही. नुसत्या चट्ट्याकडे पाहून किडा ओळखणे अनुभवी त्वचारोगतज्ज्ञांनाही अवघड जाते, कारण चट्टा म्हणजे किड्याच्या लाळेला आपल्या शरीराने दिलेला प्रतिसाद असतो आणि तो माणसागणिक बदलतो. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर टपोऱ्या गांधी उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच उमटत नाही, म्हणून दुसऱ्याला किडा चावलाच नाही असे समजू नये. चट्ट्यावरून फार तर शोधाची दिशा ठरवावी. निर्णय मात्र प्रत्यक्ष किडा किंवा त्याने मागे ठेवलेल्या खुणा सापडल्यावरच घ्यावा.

दिशा ठरवण्यासाठी काही दिवस साधी नोंद ठेवावी. खाज झोपण्यापूर्वी सुरू झाली, मध्यरात्री जाग आणून गेली की सकाळी उठल्यावर जाणवली. चट्टे उघड्या राहिलेल्या भागावर आहेत की कपड्याखाली, घोट्याभोवती आहेत की मानेवर. घरात आणखी कोणाला त्रास आहे. आणि त्रास सुरू होण्याच्या सुमारास घरात काय बदलले, म्हणजे जुना दिवाण विकत आणला का, प्रवासाहून बॅगा आल्या का, मांजर पिल्ले घालून गेली का, खिडकीबाहेर कबुतरांनी घरटे केले का, हे सर्व लिहून ठेवावे. पुष्कळदा शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाकीच्या सगळ्या उत्तरांपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

ढेकणांचा शोध सर्वांत चिकाटीने घ्यावा लागतो. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण पाच मिलिमीटर लांबीचा, चपटा, तांबूस तपकिरी आणि बिनपंखी असतो. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबट व गडद होतो. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचे आणि फिकट असते, त्यामुळे ते चादरीवर दिसतच नाही. तो उडत नाही, उड्याही मारत नाही, केवळ चालतो. पाच-दहा मिनिटांत रक्त पिऊन तो पुन्हा फटीत शिरतो आणि चावताना वेदना होत नसल्याने माणूस सहसा जागा होत नाही. चट्टे मान, चेहरा, हात, पाय अशा उघड्या भागांवर, कधी ओळीने तर कधी पुंजक्याने येतात. परंतु ओळ दिसली म्हणजे ढेकूणच, हा समज बरोबर नाही, कारण पिसवाही तशी ओळ उमटवू शकतात. शिवाय ढेकणाच्या चाव्याची गांधी काही जणांना काही तासांनी, तर काहींना काही दिवसांनी उठते. म्हणून गावाहून परतल्यावर उठलेल्या गांधी घरातल्या पलंगाच्या नसून तिकडच्या लॉजमधल्या गादीच्या असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

शोध दिवसा, चांगली विजेरी आणि एखादे जुने पत्त्याचे कार्ड घेऊन करावा. आधी चादर व अभ्रे काढून गादीच्या चारही कडांची शिवण बोटांनी उलगडून पाहावी, विशेषतः डोक्याकडची बाजू. मग पलंगाच्या लाकडी सांध्यांत, प्लायवूडच्या फळ्यांच्या खाली, खिळ्यांच्या भोकांत, बाजेच्या विणीत आणि पडद्याच्या वरच्या चुण्यांत पाहावे. पलंगालगतच्या भिंतीवरील तसबिरी व कॅलेंडरे उतरवून त्यांच्या पाठी तपासाव्यात. स्विचबोर्ड उघडायचा असल्यास आधी मुख्य वीजप्रवाह बंद करावा. फटीतून कार्ड फिरवले की लपलेले ढेकूण बाहेर येतात. जिवंत ढेकूण सापडला नाही तरी टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके, पारदर्शक तपकिरी कात आणि फटीत चिकटलेली मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी या तीन खुणा पुरेशा बोलक्या असतात. काळा ठिपका ओल्या कापसाने पुसून पाहावा: ढेकणाची विष्ठा पचलेल्या रक्ताची असल्याने ठिपका शाईसारखा पसरून कापूस तांबूस-काळा करतो, तर साधी धूळ तशी पसरत नाही. मोठ्या प्रमाणात ढेकूण झालेल्या खोलीला एक उग्र, गोडसर वासही येतो. ढेकणांचा घराच्या स्वच्छतेशी संबंध जोडून लाज वाटून घेण्याचे काही कारण नाही. ते सामानातून येतात आणि टापटीप घरातही तितक्याच सुखाने राहतात. लाजेपोटी शेजाऱ्यांपासून गोष्ट लपवली, तर मात्र चाळीत किंवा इमारतीत ते भिंतीपलीकडे पसरतात.

डासांची ओळख तुलनेने सोपी आहे. कानाशी गुणगुण ऐकू येते, खाज काही मिनिटांतच सुटते आणि पांघरुणाबाहेर राहिलेल्या अंगावर सुट्या सुट्या गांधी उठतात. घरात रात्रभर चावणारा डास बहुधा क्युलेक्स जातीचा असतो. तो गटार, शौचालयाची टाकी अशा घाण पाण्यात वाढतो. मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिसही सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र मुख्यतः दिवसा चावतो, म्हणून रात्रीच्या चाव्यांपुरता विचार करून घरातल्या स्वच्छ पाण्याच्या साठ्यांकडे दुर्लक्ष करू नये. खात्री करण्याचा सरळ मार्ग म्हणजे नीट खोचलेल्या, न फाटलेल्या मच्छरदाणीत काही रात्री झोपून पाहणे. चावे थांबले तर शत्रू हवेतून येत होता. थांबले नाहीत तर तो मच्छरदाणीच्या आत, म्हणजे गादीत किंवा पलंगात आहे, किंवा जाळीच्या छिद्रातून शिरेल इतका लहान आहे.

तेवढा लहान किडा म्हणजे वाळूमाशी. ती डासापेक्षा बरीच लहान, दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ असते, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभारून बसते आणि आवाज न करता टप्प्याटप्प्याने उडते. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठे ही तिची घरे, त्यामुळे शहरातल्या सदनिकेपेक्षा खेड्यातल्या घरात तिचा संशय अधिक धरावा. चांदीपुरा विषाणू तिच्यामार्फत पसरतो. १९६५ साली तो प्रथम नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांत सापडला आणि त्याचा धोका मुख्यतः लहान मुलांना असतो. अशा भागात मुलाला अचानक तीव्र ताप, झटके किंवा गुंगी आली तर किडा शोधत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

चावे घोट्याभोवती आणि गुडघ्याखाली एकवटलेले असतील, प्रत्येक पुळीच्या मध्यभागी बारीक लाल बिंदू असेल, तर पिसवांचा विचार करावा. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते आणि चिमटीत धरण्याआधीच उडी मारून निघून जाते. पांढरे लांब मोजे घालून खोलीत, विशेषतः सतरंजी व पायपुसण्यांवरून सावकाश फिरावे. पिसवा असल्या तर मोज्यांवर काळे ठिपके हलताना दिसतात. रात्री जमिनीवर उथळ ताटलीत साबणाचे पाणी ठेवून वर लहान दिवा लावला, तरी सकाळी त्यात पिसवा बुडालेल्या सापडतात. घरात कुत्रा-मांजर नसले म्हणजे पिसवा नसणारच, असे नाही. त्यांचे कोष महिनोन्‌महिने पडून राहतात आणि माणसाच्या पावलांचा कंप व ऊब मिळताच त्यांतून पिसवा बाहेर येतात; त्यामुळे सुट्टीनंतर बंद घर उघडल्याबरोबर चावे सुरू होणे हे पिसवांचे ठळक लक्षण मानावे. घरात किंवा आसपास उंदीर एकापाठोपाठ मरत असतील आणि पिसवाही वाढल्या असतील, तर मात्र लगेच आरोग्य केंद्राला कळवावे. मेलेल्या उंदराला सोडून पिसवा माणसाकडे वळतात आणि प्लेग याच वाटेने पसरतो. १९९४ साली बीड जिल्ह्याने त्याची साथ पाहिली आहे.

शहरातल्या इमारतींत अलीकडे कबुतरांच्या अंगावरच्या सूक्ष्म किड्यांचा त्रासही आढळतो. वातानुकूलन यंत्राच्या मागे किंवा खिडकीच्या छज्ज्यावर घरटे असते, पिल्ले उडून गेली की उपाशी राहिलेले हे आठ पायांचे किडे फटींतून आत येतात. ते टाचणीच्या डोक्याहून लहान असतात. खिडकीच्या चौकटीवर पारदर्शक चिकटपट्टी उलटी करून लावावी आणि सकाळी ती भिंगातून पाहावी. घरटे रिकामे झाल्यावर ते तोंडाला मास्क व हातमोजे घालून काढले की त्रास हळूहळू थांबतो, कारण हे किडे केवळ माणसाच्या रक्तावर फार काळ तग धरत नाहीत.

आता ज्यांना आपण चुकून चावा समजतो, त्यांच्याविषयी. पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे ओढला जाणारा, मुंगीसारखा लांबट, केशरी-काळा पेडेरस नावाचा किडा चावत नाहीच. झोपेत तो अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातील दाहक द्रव त्वचेला भाजतो. म्हणून त्याची खूण गोल गांधी नसून चटका बसल्यासारखा लांबट पट्टा असते, खाजेपेक्षा आग जास्त होते आणि ती दुसऱ्या दिवशी वाढते. असा किडा अंगावर दिसला तर न मारता फुंकरीने उडवावा आणि ती जागा साबणाने धुवावी.

खरूज याहून अधिक वेळा ओळखायची राहून जाते. तिचा सूक्ष्म किडा गादीत नव्हे, कातडीतच बीळ करून राहतो. खाज रात्री असह्य होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, बेंबीभोवती, कंबरेला व जांघेत पुळ्या येतात, म्हणजे बहुतेक कपड्याखाली झाकलेल्या जागी, जिथे डास सहसा पोहोचत नाहीत. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात आणि तोवर ती घरातल्या इतरांना लागलेली असते. म्हणून एकामागून एक सगळे खाजवू लागले, तर फवारा न आणता डॉक्टरांकडे जावे आणि उपचार घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यावेत, खाज नसलेल्यांनीसुद्धा.

किडा सापडला तर तो चिरडू नये. चिकटपट्टीने उचलून ती पट्टी पांढऱ्या कागदावर दाबावी किंवा लहान बाटलीत ठेवून स्पष्ट छायाचित्र काढावे. कीडनियंत्रण करणाऱ्याला वा डॉक्टरांना ते दाखवल्यास निम्मे काम तिथेच होते. किडा हाती लागेपर्यंत फवारणी करू नये, कारण औषधाने ढेकूण मरण्याऐवजी पलंग सोडून दुसऱ्या खोलीत पांगू शकतात आणि नेहमीच्या औषधांना ते पुष्कळ ठिकाणी दाद देईनासे झाले आहेत. धान्याच्या कोठारात वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर झोपण्याच्या खोलीत कधीही, कोणाच्याही सल्ल्याने ठेवू नयेत. त्यांतून सुटणाऱ्या फॉस्फीन वायूने आपल्या देशात झोपेत माणसे मेली आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत. शेजारच्या बंद खोलीतही हा वायू पोहोचतो.

चट्ट्याभोवती सूज व लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओठ वा चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात जावे.